पानं किती पाणी पितात ते राहू द्या, नदीत किती आलं ते सांगा

दुष्काळाची चाहूल लागली की एक वाद हमखास डोकं वर काढतो. एक बाजू म्हणते, नदीच्या काठाने माजलेली झाडंझुडपं सतत पाणी ओढतायत, ती काढा, तेवढं पाणी नदीत राहील, धरणात येईल, शहरांना मिळेल. दुसरी बाजू म्हणते, झाडं पाणी संपवत नाहीत, उलट धरून ठेवतात, त्यांना हात लावायचा नाही, विषय संपला. दोघंही कळकळीनेच बोलत असतात, पण पहिल्यांकडे एका झाडाचा आकडा असतो आणि दुसऱ्यांकडे श्रद्धा असते, आणि ज्या नदीसाठी हे सगळं चाललंय त्या नदीत आधी किती पाणी होतं आणि झाडं काढल्यावर किती झालं हे कुणीच विचारत नाही. खरं तर एवढा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि तो विचारून बघायला जगात जवळजवळ शंभर वर्षांचा अनुभव पडलेला आहे, कुणी उघडून बघत नाही एवढंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नदीकाठची झाडी काढून पाणीपुरवठा वाढवायची योजना बहुतेक ठिकाणी कागदावर पाणी देते, नदीत देत नाही. काही ठराविक जागी मात्र ती खरंच चालते, आणि तिथे ती का चालते हे समजून घेतलं की बाकी ठिकाणी का फसते हेही कळतं. म्हणून सरसकट "काढा" आणि सरसकट "हात लावू नका" ही दोन्ही उत्तरं मला मान्य नाहीत, पण पैसा, यंत्रं आणि विषारी फवारणी घेऊन जो नदीवर उतरणार आहे, पुरावा द्यायची जबाबदारी त्याची आहे.

आधी झाडं वाचवू म्हणणाऱ्यांशी बोलतो, कारण मन त्यांच्या बाजूने आहे म्हणून चुकीचं बोलू द्यायचं असं होत नाही. झाडं पाणी पितात, आणि भरपूर पितात. अमेरिकेतल्या युटाच्या एस्कलान्टे खोऱ्यात वॉल्टर व्हाइट या भूजल अभ्यासकाने साध्या उथळ विहिरींवर पाण्याची पातळी सतत नोंदवणारी यंत्रं बसवली होती, त्याचा अहवाल १९३२ चा आहे. त्या आलेखावर रेष रोज सकाळी उन्हं वर आली की खाली घसरायला लागते, संध्याकाळपर्यंत घसरत राहते, आणि रात्री पानं बंद झाली की आजूबाजूचं भूजल झिरपून पातळी हळूहळू परत वर येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुळांनी किती पाणी उपसलं हे त्या रेषेच्या चढउतारावरून काढता येतं आणि आजही ती पद्धत त्याच्याच नावाने वापरतात. पुढे १९४० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातल्या कोवीटा या वनसंशोधन केंद्रात एका ओढ्याच्या कडेची झाडी कापून पाहिली, तर ओढ्याच्या प्रवाहात रोज दिसणारी ही दिवसरात्रीची लाट जवळजवळ नाहीशीच झाली. आणि एकूण जंगलाचं म्हणाल तर बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ मध्ये जगभरातल्या ९४ पाणलोटांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, झाडी कमी केली की ओढ्याचं वार्षिक पाणी वाढतं हीच दिशा जवळजवळ सगळीकडे दिसली. तेव्हा "झाडं लावली की नदी वाहायला लागते" हे वाक्य वाटतं तेवढं सरळ नाही. झाडं माती धरतात, पुराचा जोर मोडतात, पाणी मुरायला मदत करतात, हे सगळं खरं, पण त्यासाठी ती स्वतःचा वाटाही घेतात आणि तो वाटा लहान नसतो.

आता झाडं काढा म्हणणाऱ्यांची बाजू. त्यांचा आवडता आकडा म्हणजे टॅमरिस्कचा. टॅमरिस्क हे आपल्या झाऊच्या कुळातलं झुडूप, मूळ युरोप-आशियातलं, १९ व्या शतकात अमेरिकेत नेलं, शोभेसाठी, वारा अडवायला आणि नंतर काठाची धूप थांबवायला मुद्दाम लावलं, आणि नैऋत्येकडच्या कोरड्या नद्यांच्या काठाने ते मैलोन्‌मैल पसरलं. हे एक झाड दिवसाला २०० गॅलन म्हणजे ७५७ लिटर पाणी पितं असं कित्येक वर्षं सांगितलं गेलं, सरकारी कागदांत आलं, भाषणांत आलं, त्यावर निधी मंजूर झाले. ओवेन्स आणि मूर या दोघांनी २००७ मध्ये हा आकडा तपासला आणि दाखवलं की मोठ्यात मोठ्या झाडालाही दिवसाला १२२ लिटरच्या वर जाणं शक्य दिसत नाही. खरं तर हे साध्या गणितानेही कळायला हवं होतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते, आणि कडक उन्हाळ्याच्या निरभ्र दिवशी एका चौरस मीटरवर सूर्याकडून फार तर ३० मेगाज्यूलच्या आसपास येतात, म्हणजे त्यातला प्रत्येक कण वाफ करण्यात गेला तरी चौरस मीटरमागे १२ लिटर. आता १० चौरस मीटर पसारा असलेलं झुडूप ७५७ लिटर पिणार असेल तर चौरस मीटरमागे ७५ लिटर होतात, सूर्य देतो त्याच्या सहापट. ही ऊर्जा येणार कुठून?

इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य करायला हवी. वाळवंटातून जाणाऱ्या अरुंद हिरव्या पट्ट्यावर आजूबाजूच्या तापलेल्या जमिनीवरून गरम कोरडी हवा येते आणि नुसत्या उन्हाच्या हिशोबापेक्षा जास्त पाणी उडतं, हा परिणाम खरा आहे आणि मोजलेला आहे. पण त्याने आकडा थोडा वर सरकतो, सहापट होत नाही. आणि चूक नुसती एका आकड्याची नाही. एका झाडाचं पिणं गुणिले झाडांची संख्या हा हिशोबच चुकीचा आहे, कारण दाट झाडीत प्रत्येकाच्या वाट्याला ऊन कमी येतं, पानं एकमेकांच्या सावलीत असतात, झाडं दुप्पट झाली म्हणून वाफ दुप्पट होत नाही. पाणी जमिनीच्या क्षेत्रफळावर मोजायचं असतं, झाडांच्या डोक्यांवर नाही. तसं मोजलं तेव्हा कळलं की टॅमरिस्कची दाट झाडी वर्षाला साधारण तेवढंच पाणी घेते जेवढं तिथलीच मूळची कॉटनवुड आणि विलोची झाडी घेते, कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त.

मग ही कल्पना एवढी रुजली कशी? त्यामागे एक काळ आहे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची प्रचंड गरज होती, ॲरिझोनातल्या मोरेन्सीच्या खाणीला पाणी हवं होतं आणि हिला नदीचं पाणी आधीच वाटून संपलेलं होतं. ज्याच्या हक्काचं पाणी आहे त्याच्याकडून काढून घेता येत नाही, मग असं पाणी शोधायचं जे कुणाच्याच नावावर नाही. ते कोण पितंय? काठावरची झुडपं. म्हणून १९४३-४४ मध्ये सॅफर्डच्या खोऱ्यात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने सहा वेगवेगळ्या पद्धतींनी या झुडपांचं पिणं मोजलं, काम मोठ्या मेहनतीचं होतं, टाक्यांमध्ये झुडपं वाढवून सुद्धा पाणी मोजलं. त्यात शास्त्रज्ञांनी काही लबाडी केली असं मला म्हणायचं नाही, अजिबात नाही. पण प्रश्नच ज्या पद्धतीने विचारला गेला त्यात उत्तराची अर्धी वाट ठरून गेली होती. झाडाने घेतलेलं पाणी हे "वाया गेलेलं" पाणी, हे आधीच धरलेलं होतं. पुढे १९५८ मध्ये याच खात्याच्या एका मोठ्या अहवालात पश्चिमेकडच्या १७ राज्यांत भूजलावर जगणाऱ्या झाडीमुळे वर्षाला अडीच कोटी एकर-फुटांपर्यंत पाणी उडतं असा अंदाज आला. एक एकर-फूट म्हणजे सव्वाबारा लाख लिटर. एवढा आकडा समोर ठेवल्यावर कुठल्या पाटबंधारे अधिकाऱ्याला झोप येईल? बुलडोझर निघाले, झुडपं उपटायला साखळ्या ओढल्या गेल्या, हेलिकॉप्टरमधून तणनाशकं पडली.

याच काळात एक अतिशय चांगलं कामही झालं, ज्याचा या वादात दोन्ही बाजू अर्धवट उल्लेख करतात. हिला नदीवरच १९६० च्या दशकात एक लांबलचक प्रयोग उभा केला गेला, आधी काही वर्षं झाडी तशीच ठेवून सगळं मोजलं, मग टप्प्याटप्प्याने काढली आणि परत मोजलं. अंतिम अहवाल १९८२ ला आला. झाडी काढल्यावर बाष्पीभवन आणि पानांतून उडणारं पाणी मिळून वर्षाला सरासरी १९ इंच, म्हणजे जवळजवळ ४८ सेंटिमीटर कमी झालं, दाट झाडीत २६ इंचांपर्यंत. काढा म्हणणारे इथे थांबतात आणि हा आकडा घेऊन पळतात. पण त्याच अहवालात हेही आहे की हे मोजमाप जमीन उघडी असताना किंवा नुसतं हंगामी गवत-तण असतानाचं आहे, तिथे कायमची दुसरी झाडी किंवा गवत उगवल्यावर ही बचत कमी होत जाणार. आणि नदीकाठची ओली, पुराच्या गाळाची जमीन कायम उघडी राहते कुठे? दरवर्षी नांगरत आणि फवारत राहिलात तर राहील, पण मग त्या खर्चाचाही हिशोब धरा.

न्यू मेक्सिकोत पेकोस नदीवर १९६७ पासून सुमारे २०,००० एकरांवरचं टॅमरिस्क काढलं. नंतर त्याच पट्ट्यात वाफेचं थेट मोजमाप झालं, टॅमरिस्क आणि त्याच्या जागी आलेली झाडी यांच्यातला फरक वर्षाला साधारण ३० सेंटिमीटर निघाला, म्हणजे हिशोबाने दहा ते वीस हजार एकर-फूट पाणी दरवर्षी नदीत दिसायला हवं होतं. नदीच्या कोरड्या हंगामातल्या प्रवाहात ते शोधलं, सापडलं नाही. इथे विरोधी बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ते म्हणतात, सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं कसं? नदीचा प्रवाह मोजण्यातच काही टक्क्यांची चूक असते, पाऊस कमीजास्त होतो, आजूबाजूला विहिरींचा उपसा चालू असतो, या सगळ्या गोंधळात खरी बचत झाकली गेली असेल. हे शास्त्र म्हणून शंभर टक्के बरोबर आहे. पण पाणीपुरवठा म्हणून याचा अर्थ काय होतो तेही बघा. जे पाणी प्रवाहमापन केंद्रावर दिसत नाही ते कुठल्या कालव्यात सोडणार, कुठल्या गावाला वाटणार, कुणाला त्याचं बिल लावणार? आणि ते शेजारच्या बोअरमधून उपसलं गेलं असेल तर त्याचा अर्थ नदीचं पाणी वाचलं असा होत नाही, ते फक्त झाडाच्या मुळाऐवजी पंपाने ओढलं. शास्त्रज्ञाने "कदाचित होतं" म्हणणं योग्यच आहे, पण त्या "कदाचित"वर धरणाचं वेळापत्रक बसवता येत नाही.

बचत हरवते कशी याची यंत्रणा समजली की अर्धा वाद मिटतो. झाडं काढली की भूजलाची पातळी थोडी वर येते, ही चांगली गोष्ट वाटते, पण ती जमिनीच्या जवळ आली की मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढून थेट उन्हाने उडायला लागतं. सावली गेल्यामुळे जमीन आणि उथळ प्रवाह दोन्ही तापतात. मग गवत येतं, तण येतं, आणि दोनतीन वर्षांत नवी झुडपं, कारण मुळात तिथे पाणी होतं म्हणूनच झाडी होती आणि पाणी अजून तिथेच आहे. घरातला भाडेकरू काढला म्हणून विजेचं बिल बंद होत नाही, दुसरा राहायला आला की मीटर परत फिरायला लागतो, दोघांच्या वापरात जो फरक असेल तेवढाच तुमचा फायदा. म्हणून "हे झाड किती पितं" हा प्रश्नच अपुरा आहे. "याच्या जागी जे येईल त्यापेक्षा हे किती जास्त पितं, आणि तो फरक किती वर्षं टिकेल" असं विचारलं तरच काही हाती लागतं.

पण सगळीकडे असं होत नाही, आणि इथे मी झाडं काढणाऱ्यांच्या बाजूने बोलणार आहे. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण या वादात सगळ्यात जड आहे. तिथे १९९५ मध्ये, पाणीमंत्री कादर अस्माल यांच्या काळात, "वर्किंग फॉर वॉटर" नावाचा कार्यक्रम सुरू झाला, बेरोजगार लोकांना काम देऊन पाइन, वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ), निलगिरी अशी बाहेरून आलेली झाडं पाणलोटांतून आणि ओढ्यांच्या काठाने काढायची. काही ओढ्यांवर कापणीच्या आधी आणि नंतर प्रवाह मोजला, पाणी खरंच वाढलं, स्पष्ट दिसलं. मग तिथे का दिसलं आणि पेकोसवर का नाही? कारण तिथे उंच, बाराही महिने हिरव्या झाडांच्या जागी येणारी मूळची वनस्पती म्हणजे फिनबॉस, बुटकी, विरळ पानांची, कमी पाण्यावर भागवणारी. फरक मोठा आहे आणि टिकतो, कारण ती तिथली स्वतःची झाडी आहे. शिवाय पाऊस भरपूर असलेल्या डोंगराळ भागात वाचलेलं पाणी उतारावरून थेट ओढ्यात येतं, रुंद वाळवंटी पात्राच्या वाळूत हरवत नाही. वर्षाला साधारण ४५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तिथे झाडी काढून प्रवाह वाढेल ही आशा फारशी धरू नये असं १९८० च्या दशकातच सांगितलं गेलंय, आणि टॅमरिस्कची बहुतेक रणभूमी त्याच कोरड्या भागात आहे.

तिथलेही आकडे काळजीने वाचायला हवेत. १९९८ च्या अंदाजात या परक्या झाडांमुळे देशाचं वर्षाला ३.३ अब्ज घनमीटर पाणी जातं असं आलं होतं, २०१६ मध्ये नकाशे आणि पद्धत सुधारल्यावर तो अंदाज १.४४ अब्जावर आला, म्हणजे निम्म्याहून कमी. तरीही तो मोठाच आहे, योजना तरीही योग्यच ठरते, पण जिथे पुरावा सगळ्यात भक्कम तिथेही पहिला आकडा दुपटीने फुगलेला निघाला हे लक्षात ठेवलं पाहिजे.

ऑस्ट्रेलियातून याहून नेमकं उदाहरण मिळतं आणि मला ते फार आवडतं, कारण त्यात एकच झाड दोन जागी दोन वेगळी उत्तरं देतं. तिथल्या ओढ्यांमध्ये बाहेरून आलेले विलो माजलेत. डूडी आणि बेन्यन यांनी मोजून दाखवलं की जे विलो थेट पात्रात, पाण्यात पाय रोवून उभे आहेत ते काढले तर पसाऱ्याच्या हेक्टरमागे वर्षाला ५.५ दशलक्ष लिटर पाणी वाचू शकतं, कारण त्यांच्या जागी दुसरं झाड येत नाही, नुसतं मोकळं पाणी राहतं आणि त्याचं बाष्पीभवन त्या विलोच्या पिण्यापेक्षा कमी आहे. पण तेच विलो चार पावलं वर, काठावर असतील तर ते काढून काही मिळत नाही, कारण तिथे येणारी स्थानिक निलगिरीही जवळजवळ तेवढंच पाणी घेते. झाड तेच, देश तोच, ओढा तोच. ज्यांना सरसकट मोहीम हवी आहे आणि ज्यांना सरसकट बंदी हवी आहे त्या दोघांनीही हा एक निष्कर्ष नीट वाचावा.

समजा पाणी खरंच वाचलं, तर ते कुणाचं? हा प्रश्न तर कुणी काढतच नाही. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७४ मध्ये शेल्टन फार्म्सचं प्रकरण आलं. आर्कान्सा नदीकाठची पाणी पिणारी झाडं आम्ही काढली, तेवढं पाणी नदीत वाढलं, तेव्हा तेवढ्या पाण्यावर आम्हाला आधीच्या सगळ्या हक्कदारांच्या पुढचा हक्क द्या, अशी मागणी होती. न्यायालयाने नाही म्हटलं. एक तर ते पाणी नवीन आणलेलं नव्हतं, नदीचंच होतं आणि म्हणून आधीच्या हक्कदारांचं होतं. आणि दुसरं, असा हक्क दिला तर जो तो कुऱ्हाड घेऊन नदीवर जाईल आणि काठ उघडे बोडके होतील ही भीती निकालात स्पष्ट दिसते. ५० वर्षं झाली तरी निकाल मला बरोबर वाटतो. झाड कापण्याला पाण्याच्या मालकीचं बक्षीस लावलं की मोजमाप बाजूला पडतं, प्रत्येकाला आपण कापलेलं झाड जास्तीत जास्त पिणारं होतं हेच सिद्ध करायचं असतं.

आणि "वाया" म्हणजे कुणाच्या दृष्टीने वाया? नाईल नदीवरचं जोंगलेई प्रकरण आठवा. पांढरी नाईल दक्षिण सुदानमधल्या सुद्द या अफाट दलदलीत पसरते, पपायरसच्या रानात शिरते आणि आत आलेल्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग तिथेच हवेत उडतो. १९०४ मध्ये विल्यम गार्स्टिन या ब्रिटिश इंजिनिअरने दलदलीला वळसा घालून पाणी खाली न्यायची कल्पना मांडली, १९७८ मध्ये ३६० किलोमीटरच्या कालव्याचं खोदकाम सुरू झालं, वर्षाला साधारण ४.७ अब्ज घनमीटर पाणी वाचवून ते उत्तर सुदान आणि इजिप्तला द्यायचं होतं. हिशोब इंजिनिअरिंगच्या दृष्टीने चोख होता. पण पूर ओसरल्यावर त्या दलदलीच्या कडेला जी हिरवी कुरणं उघडी पडतात, त्यांच्यावर कोरड्या महिन्यांत डिंका, नुएर, शिल्लुक लोकांची गुरं जगतात, मासेमारी चालते. ज्यांच्यासाठी ते पाणी वाया जात नव्हतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे दक्षिण सुदानमधल्या बंडाचे नेते झालेल्या जॉन गारांग यांनी याच योजनेवर अमेरिकेत १९८१ मध्ये डॉक्टरेट केली होती, आणि १९८४ मध्ये त्यांच्याच सैन्याच्या हल्ल्यानंतर काम थांबलं, साधारण दोन-तृतीयांश कालवा खोदून झालेला असताना. ते अवाढव्य खोदकाम यंत्र तिथेच गंजत पडलं. त्या युद्धाची कारणं एका कालव्याहून कितीतरी मोठी होती, मान्य. तरी एका बाजूचं "नुकसान" दुसऱ्या बाजूचं जगणं असू शकतं हे त्याहून ढळढळीत कुठे दिसेल?

नदीकाठच्या झाडीचंही तसंच आहे, फक्त तिथे बोलायला माणसं नसतात. न्यू मेक्सिकोतल्याच रिओ पुएर्को नदीवर २००३ मध्ये १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हेलिकॉप्टरने तणनाशक फवारलं, टॅमरिस्क मेलं आणि त्याबरोबर अगदी पाण्याच्या कडेला असलेले स्थानिक विलोही मेले. तीन वर्षांनी पूर आला. फवारलेल्या पट्ट्यात पात्राची सरासरी रुंदी ८४ टक्क्यांनी वाढली, सुमारे ६,८०,००० घनमीटर गाळ-माती सुटून खाली गेली, आणि त्याच पुरात त्या पट्ट्याच्या वर आणि खाली, जिथे झाडी शाबूत होती तिथे, नाव घेण्यासारखी धूप झाली नाही. ही माती शेवटी कुठल्या ना कुठल्या धरणाकडेच निघालेली असते. पाण्यासाठी झाडं मारायची आणि त्याच पाण्याच्या साठ्यात माती लोटायची, हा व्यवहार कुणाला परवडतो?

दुसरीकडे टॅमरिस्क खाणारे भुंगेरे २००१ पासून मोकळे सोडले गेले आणि ते अपेक्षेपेक्षा झपाट्याने पसरले. पण विलो फ्लायकॅचर नावाचा छोटा माशीमार पक्षी, ज्याची नैऋत्येकडची उपजात १९९५ पासून संकटग्रस्त यादीत आहे, तो मूळचे विलो संपल्यामुळे बऱ्याच ठिकाणी टॅमरिस्कमध्येच घरटी करायला लागला होता. त्याचं घर उन्हाळ्यात पानं झडून उघडं पडायला लागलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये सरकारने भुंगेरे सोडणं बंद केलं. सोडलेले भुंगेरे मात्र परत बोलावता येत नाहीत.

मुळात टॅमरिस्क एवढं माजलं का हेही बघायला पाहिजे. कॉटनवुडचं बी काही आठवडेच जिवंत राहतं, वसंतातला पूर ओसरताना मागे राहणारी ओली वाळू त्याला नेमक्या त्याच वेळी मिळावी लागते. धरणांनी तो पूर काढून घेतला. टॅमरिस्कचं बी मात्र वसंतापासून शरदापर्यंत उडत असतं, खारी जमीन त्याला चालते, खोल गेलेलं भूजल चालतं. नदीचं पाणी आपण अडवलं, वळवलं, उपसलं, आणि उरलेल्या नदीत जे झाड तग धरू शकलं त्यालाच चोर ठरवलं. त्या झाडाला संत म्हणायची गरज नाही, पण धरणातून पाणी सोडायचं वेळापत्रक बदललं नाही तर ते काढून तिथे कॉटनवुड येणार नाही, टॅमरिस्कच परत येईल नाहीतर दुसरं एखादं तण.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो घाईचा. दुष्काळ दारात उभा आहे, दहा वर्षं मोजत बसायला वेळ कुठे आहे, काहीतरी करायला नको का? करायलाच पाहिजे, पण दुष्काळात तातडीने पाणी कुठून मिळतं हे केप टाउनने दाखवलंय. झाडं काढण्याचा जगातला सगळ्यात चांगला कार्यक्रम ज्या देशात दोन दशकांहून जास्त चाललाय, त्याच देशातल्या या शहरावर २०१८ मध्ये नळ बंद करायची वेळ येऊन ठेपली होती. ती वेळ टळली कारण शहराचा वापर २०१५ मधल्या दिवसाला साधारण १२० कोटी लिटरवरून ५० कोटींच्या आसपास आला, दर वाढवून, गळती आणि दाब कमी करून, शेतीचा वाटा आवळून, लोकांनी बादल्या मोजून, आणि मग हिवाळ्यात पाऊस पडला. त्यानंतर, त्याच वर्षाच्या शेवटी, शहराच्या धरणांच्या वरच्या डोंगरातलं पाइन आणि वॅटल काढायला खास जलनिधी उभा राहिला, आणि तो बरोबर उभा राहिला, कारण ती डोंगराळ, पावसाची जागा आहे, खाली धरण आहे, वरून निघालेलं पाणी थेट त्यात येतं, आणि तिथे परत येणारं फिनबॉस कमी पितं. त्या कामात कापणीपेक्षा पुढची वर्षं महत्त्वाची असतात, जमिनीत पडून असलेलं वॅटलचं बी कित्येक वर्षं उगवत राहतं, रोपं पुन्हापुन्हा उपटावी लागतात, आणि निधी मध्येच आटला तर पहिल्यापेक्षा दाट जंगल उभं राहतं.

म्हणून पुढे कुणी नदीकाठ साफ करायचा प्रस्ताव आणला तर मी त्याला लगेच नाही म्हणणार नाही. त्या जागी नंतर काय उगवणार ते त्यांनी सांगावं, भूजल किती खोल आहे आणि शेजारी किती पंप चालतात ते सांगावं, पट्ट्याच्या वर आणि खाली प्रवाह मोजायची यंत्रं कापणीच्या काही वर्षं आधीपासून बसवावीत, शेजारचा एक पट्टा तुलनेसाठी न कापता ठेवावा, आणि रोपं उपटायचा दहा वर्षांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात दाखवावा. पात्रात उभे असलेले विलो असतील, धरणाच्या वरच्या डोंगरातलं पाइन असेल, तर या चाचणीतून प्रस्ताव सहज पार पडेल आणि मी त्याला पाठिंबा देईन. कोरड्या मैदानातून वाहणाऱ्या, वर धरण आणि दोन्ही बाजूला बोअर असलेल्या नदीचा काठ असेल तर बहुधा पार पडणार नाही, आणि मग तोच पैसा कालव्यांची गळती बुजवण्यावर आणि पंपांवर मीटर बसवण्यावर खर्च करावा.